दगूआण्णांची चोपणी

फोन आला तेव्हा मी हसत होतो. थट्टा नाही, खरंच हसत होतो, हास्यक्लबात. रोज सकाळी आम्ही तीसेक म्हातारे कॉलनीच्या उद्यानात गोल उभे राहतो, हात वर करतो आणि मोजून तीन वेळा खदाखदा हसतो. दुसऱ्या हसण्याला खिशातला फोन वाजला. दगूआण्णांचा मुलगा ज्ञानेश होता. "सर, आण्णा गेले. पहाटे, झोपेतच." तेवढ्यात तिसरं हसणं सुरू झालं. ते त्याला ऐकू गेलं असणार, कारण त्याने विचारलं, "तिथंच आहात का?" मी हो म्हणालो… तिथंच म्हणजे आण्णांनी आपल्या हाताने चोपलेल्या मातीवर. आता तिच्यावर पेव्हर ब्लॉक आहेत, आणि ते बसले त्यात माझा हात आहे.

आण्णा जन्मभर मेथी-कोथिंबीर पिकवून नाशिकच्या बाजारात नेणारे. शहर वाढलं, शेत गेलं, शेतावर आमची कॉलनी आली. माझ्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की ते शांतपणे म्हणायचे, "मास्तर, तिथं आमची हीर व्हती. हीर बुजवली की आसंच व्हतं." लेआउटमध्ये एक ओपन स्पेस सुटली होती, नावाला महापालिकेची आणि कामाला सगळ्यांची, म्हणजे ज्याने त्याने घराचं डेब्रिज आणून टाकायची. त्या ढिगाऱ्यांवरून आण्णांची नात मयूरी आणि तिची गँग सायकली उडवायची. एकदा पोरगी तोंडावर पडली, पुढचा दात गेला. दुसरा आजा असता तर सायकलीला कुलूप घातलं असतं. आण्णांनी तिथली मूठभर माती उचलली, वास घेतला आणि फेकून दिली. "ही माती नाय, मढं हाय. हिच्यावर पोर पडनारच."

मग त्यांनी त्या पोरांना खळं करायला शिकवलं. पूर्वी धान्य मळायला शेतातली जागा भिजवून, चोपून, शेणाने सारवून काढत, ते खळं. त्यावर धान्य यायचं म्हणून चप्पल घालून कुणी पाय ठेवत नसे. आण्णांनी तीच रीत सायकलींसाठी लावली. मुरूम आणला, कुठल्याशा पडक्या घराची पांढरी माती आणली, उंचवटे घातले, वळणं घातली, आणि बाभळीच्या चोपणीने सगळं चोपून काढलं. चोपणी म्हणजे हातभर रुंद फळी आणि तिला मूठ. महागड्या सायकली घेऊन शहरातून येणारे इंजिनिअर, एक नर्सबाई, बँकेतला एक जाडा गृहस्थ, सगळे रविवारी सकाळी अनवाणी रांगेत बसून ठप ठप चोपायचे, नाक मुरडत शेण कालवायचे. नियम एकच. "चाक चालंल, चप्पल नाय." मी निवृत्त मराठीचा मास्तर, मला सायकल चालवता येत नाही. मी कडेला चपला सांभाळत बसायचो आणि सगळ्यांना शहाणपण शिकवायचो. तेवढंच काम आयुष्यभर केलं आहे.

मग कुणकुण लागली की ती जागा पार्किंगला जाणार. सगळे घाबरले. मी घाबरलो नाही, मला उलट स्फुरण चढलं. आता अर्ज लिहायला मिळणार! दोन अर्ज झकास लिहिले, आणि वर सुचवलं की वॉर्डातल्या पुढाऱ्यांना दसऱ्याला प्रमुख पाहुणे म्हणून बोलवू, त्यांच्या हस्ते नारळ फोडू, मग कुणाची टाप आहे जागेला हात लावायची. पुढाऱ्यांचं नाव इथे लिहीत नाही, उद्यानाच्या कमानीवर दोन फुटी अक्षरांत आहे. नको म्हणाले ते एकटे आण्णा. "त्यांना माती दाखवू नका मास्तर. माती दिसली की त्यांचे हात खाजवत्यात." मी हसलो. अडाणी माणूस, राजकारण काय कळणार, असं वाटलं मला. असं वाटलं, हे आज लिहितो आहे.

दसऱ्याला पुढारी आले ते चाळीस माणसं घेऊन. आदल्या दिवशी सारवलेलं होतं, अजून ओल होती. आण्णा नवं धोतर नेसून वाटेतच उभे. पुढारी बुटांसकट पहिल्या उंचवट्यावर चढायला लागले तेव्हा आण्णांनी हात जोडले आणि म्हणाले, "सायेब, चपला…" त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. मी मागून त्यांचा सदरा ओढला आणि कानात म्हणालो, "आण्णा, आज नको." भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ती माझ्या घरी जन्मापासून मुक्कामाला आहे. चाळीस जोडी बूट त्या ओल्या मातीवरून गेले. त्याच मातीत नारळ फुटला, आण्णांच्या अंगावर शाल पडली, आणि पुढारी म्हणाले की ही जागा आम्ही जपणार, हिचं सोनं करणार. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. आण्णा शालीआडून बुटांचे ठसे बघत होते.

हात दाखवून अवलक्षण! दोन महिन्यांत जेसीबी आला. जपणं म्हणजे काय ते आम्हाला दिसलं. उंचवटे सपाट झाले, पेव्हर ब्लॉक बसले, व्यायामाची यंत्रं आली, कडेने चालायचा रस्ता आला, आणि पुढाऱ्यांचं नाव कोरलेली बाकं आली. मयूरी आणि तिच्या मैत्रिणी ब्लॉकवरून सायकली फिरवायला लागल्या, तर एका आजीबाईंना धक्का लागला. ज्येष्ठ नागरिक समितीची बैठक झाली. समितीचा सचिव मी. आज फाटकावर जो फलक आहे, 'कृपया येथे सायकल चालवू नये', त्यातला 'कृपया' हा शब्द माझा आहे.

आण्णा मात्र दर रविवारी येत राहिले. फाटकाशी चपला काढायचे, आत येऊन उकिडवे बसायचे आणि ब्लॉकच्या फटींवर चोपणी मारायचे. ठप ठप. कधी ब्लॉकची कड तुटायची. फिरायला येणारे हसायचे, कुणी व्हिडिओ काढायचे, आणि शेवटी समितीने मला सांगितलं की तुमचे मित्र आहेत, तुम्हीच बघा. मी आण्णांशी बोललो नाही, तेवढी छाती नव्हती. मी ज्ञानेशला गाठलं आणि म्हणालो की चोपणी लपव, माणसाचं हसं होतंय. तो म्हणाला, "घरात ठिवली तर हुडकतील ते. तुम्हीच न्या." मी ती पिशवीत घालून चौथ्या मजल्यावर आणली आणि दाराआड उभी केली.

चार दिवसांनी आण्णा जिना चढून आले. लिफ्ट बंद होती. धापा टाकत खुर्चीत बसले, चहा हातात घेतला. मग म्हणाले, "मास्तर, माझी चोपनी कुठं दिसली का वो? तिला आठ दिसाला पानी दावावं लागतं, नायतर तडकती." उघड्या दाराआड, त्यांच्या खांद्यापासून दोन हातांवर ती उभी होती. मी म्हणालो, "नाही बुवा." ते चहा पिऊन गेले. त्यानंतर आण्णा उद्यानात आले नाहीत, माझ्याकडेही आले नाहीत. चार महिने अंथरुणाला खिळून होते म्हणे. म्हणे, कारण मी भेटायला गेलो नाही.

उद्यानात शोकसभा झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध! पुढारी म्हणाले की आण्णांचं स्वप्न आपण पूर्ण केलं. मीही बोललो, आणि चांगलं बोललो. दहावा गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, झाला. पिंडाला कावळा शिवेना. ज्ञानेश हात जोडून एकेक सांगत होता: मयूरीचं शिक्षण करू, आईला सांभाळू, भावकीशी भांडणार नाही. कावळे कठड्यावर बसून नुसते बघत होते. काय बोलायचं ते मला ठाऊक होतं, पण भोवती समितीची माणसं होती… मी उपरणं सारखं केलं. दीड तासाने दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

परत फिरताना मयूरीने मला विचारलं, पेठ रोडला एकाच्या पडीक मुरमाड रानात सायकलींसाठी नवी जागा मिळाली आहे, आण्णांची चोपणी कुठे आहे ते माहीत आहे का. मी "बघतो" म्हणालो. घरी येऊन दाराआड हात घातला. इतक्या महिन्यांत मी तिला पाणी दाखवलं नव्हतं. पाणी लावायचं म्हणजे ती इथे आहे हे कबूल करायचं. मुठीपासून खाली सरळ चीर गेली होती.

गेल्या रविवारी हास्यक्लब बुडवला आणि रिक्षाने पेठ रोडला गेलो. पाचसहा जणं अनवाणी मुरूम पसरत होती. मयूरीने चोपणी हातात घेतली, चिरेवरून अंगठा फिरवला. "कुठं होती?"

"माझ्या दाराआड."

"आण्णा तुमच्याकडं विचारायला आले होते. तेव्हापण?"

"तेव्हापण."

तिने चोपणी बादलीत बुडवून धरली. मला वाटलं आपणही चार ठोके द्यावेत, म्हणून पुढे झालो. तिने मान वर न करता सांगितलं, "आजोबा, पायात चपला आहेत." मी खाली वाकून त्या काढल्या.

"काढल्या तरी येऊ नका," ती म्हणाली.

ती उकिडवी बसली आणि चोपायला लागली. ठप ठप. चपला हातात घेऊन मी कडेला उभा राहिलो.