तात्याबांचा धुमा

निमगाव केतकीत खताच्या दुकानावर इंद्रजितची दहा बाय दहाची खोली आहे. दारावर पाटी, 'रेकॉर्डिंग व मिक्सिंग'. पाटी झोकात, खोलीचा मात्र आनंदच होता. गिलाव्याच्या चार भिंती, गुळगुळीत फरशी. टाळी वाजवली की आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळत राहायचा. म्हणून पठ्ठ्यानं भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. टाळी दबली, गडी खूश. पण खोलीचं खरं दुखणं कोपऱ्यांत होतं. खर्जाचा आवाज तिथं साचायचा आणि खुर्चीत बसलेल्याला दुप्पट ऐकू यायचा.

अशा खोलीत त्यानं सांगवीच्या मंडळाची भजनं मिक्स केली. देवळात रेकॉर्ड केलेली, पखवाजाला तात्याबा. दिवसभर उसाला पाणी देणारा माणूस, पण पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुम्याला, कणीक लावून बसला की मंडपातल्या शेवटच्या माणसाच्या छातीत वाजायचं. त्या धुम्यासाठी तर लांबलांबून सप्ताहाची बोलावणी यायची. इंद्रजितला खोलीत तो फारच घुमतोय असं वाटलं. त्यानं खर्ज कापला. अजून थोडा कापला. मग कुठं त्याच्या कानाला बरं वाटलं.

बाहेर मात्र नुसता डबा वाजला. मोबाईलवर, गाडीत, देवळाच्या स्पीकरवर, कुठंही धुमा नाही. इंद्रजितला कुणी नावं ठेवली नाहीत हो, कॉम्प्युटर कसा चुकेल? तात्याबांचं वय झालं, हातात जोर राहिला नाही, असं जो तो म्हणू लागला. पुढच्या सप्ताहाला दुसरा पखवाजी बसला. तात्याबांनीही ते मुकाट्यानं खरं मानलं.

दोन महिन्यांनी इंद्रजितला एका जाणत्या माणसानं कोपऱ्यांचं गुपित सांगितलं. त्यानं भंगारातून ग्लासवूल आणली, बॉयलरच्या पाइपांना गुंडाळतात ती. लाकडी चौकटींत भरली, वर कापड ताणलं आणि चारी कोपऱ्यांत छतापर्यंत उभी केली. साचणारा खर्ज त्यात जिरू लागला. खुर्ची भिंतीपासून पुढं ओढली. मग सहज सांगवीचं मूळ रेकॉर्डिंग लावलं. धुमा भरदार होता, जसाच्या तसा. कापला होता तो यानंच.

तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण गिऱ्हाईक तुटेल, लोक हसतील, म्हणून आज जाऊ, उद्या जाऊ करत चार वर्षं घालवली. लाज वाटायची म्हणून जायचा नाही, आणि गेला नाही म्हणून जास्तच लाज वाटायची.

यंदा एकदाचा गेला. तात्याबांच्या ओसरीवर स्पीकर ठेवला, सगळं कबूल केलं आणि नव्यानं मिक्स केलेलं भजन लावलं. तात्याबांनी मान खाली घालून ऐकलं, परत लावायला सांगितलं.

"ह्यो मीच हाय?"

"तुमीच, तात्या. चूक माझ्या खोलीची व्हती, आन् माझी."

"म्हंजी हात गेलं न्हवतं."

इंद्रजितनं त्यांचे पाय धरले. नव्यानं रेकॉर्ड करू, सगळ्या मंडळासमोर चूक सांगतो, पखवाज घेऊन चला, म्हणाला.

तात्याबांनी आपला तळहात त्याच्यापुढं धरला.

"पखवाज दिऊन टाकला, बाळा. आपल्याला जमत न्हाय म्हणून हात लावायचाच सोडला. आता खरंच जमत न्हाय."