धक्क्यावरचा घास

बाबा गेले तेव्हा मला मालवणला जाता आलं नाही. त्या वर्षी सर्वपित्रीला मी व्हँकुव्हरच्या कॉन्डोत त्यांच्या आवडीची मासळी तळली. बाल्कनीत पान ठेवायला मॅनेजरची मनाई, म्हणून घास डब्यात घालून जवळच्या धक्क्यावर नेला. कावळे होते ढीगभर, पण एक शिवेल तर शपथ! एवढ्यात पाण्यातून एका सीलने, म्हणजे इथल्या मिशाळ पाणप्राण्याने, डोकं वर काढलं. मी तुकडा टाकला, त्याने गट्ट केला, आणि मला रडूच फुटलं. म्हटलं, आले बाबा.

मग दर शनिवारी पिशवीत हेरिंग मासे घेऊन मी धक्क्यावर. सील माझ्या हातातून मासा घ्यायला लागला. प्राण्यांना खायला घालू नका, अशी पाटी होती तिथे. पण इथे कशाला पाटी नसते? धक्क्याच्या म्हाताऱ्या राखणदाराने दोनदा हटकलं, तर दुसऱ्यांदा मी त्यालाच चांगलं सुनावलं. नवऱ्याने समजावलं, त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला.

बरं, मला कळत नव्हतं असंही नाही. लहानपणी आम्ही जेटीवरून माशांची डोकी पाण्यात टाकली की बाबा कान पिळायचे. मोरीला, म्हणजे शार्कला, माणसाच्या हातचं खायची चटक लावू नका म्हणायचे, उद्या तुम्हीच इथे पोहणार आहात. त्यांचाच घास घालताना त्यांचंच ऐकलं नाही मी. हे लिहिताना लाजेने मान खाली जाते.

मे महिन्यातल्या एका शनिवारी मी पोचले, तर चार-पाच वर्षांची एक मुलगी धक्क्याच्या कडेला ओणवी होऊन सीलला हात दाखवत होती. हात रिकामाच होता. मी ओरडेपर्यंत त्याने तो हात तोंडात धरला आणि पोर पाण्यात गेली. मी पालथी पडून तिच्या जॅकेटची टोपी पकडली आणि जीव खाऊन ओढलं. ती वर आली, पण बोटं फाटली होती. राखणदार ॲम्ब्युलन्स बोलवायला धावला.

तिची आई धावत आली आणि तिने मुलीला छातीशी घेतलं. एका हाताने तिने माझा हात घट्ट धरला. "तुम्ही नसता तर माझी मुलगी गेली असती," म्हणाली. मग तिने विचारलं, हा नेहमीच माणसांच्या इतका जवळ येतो का?

माशांची पिशवी माझ्या कोटाच्या खिशात होती. मी म्हटलं, "माहीत नाही. मी इथे पहिल्यांदाच आलेय."

तेवढ्यात सील पुन्हा वर आला. धक्क्यावर एवढी माणसं जमली होती, पण तो नेमका माझ्यासमोर येऊन तोंड उघडून थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझा हात सोडला.