पीळ न पडणारं रीळ

आई गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात मी घरी बसून एका परदेशी दुकानाची चॅट सांभाळत होते. दुकान मासेमारीच्या सामानाचं, गिऱ्हाईकं कॅनडातली. त्यांची सकाळ उजाडायची तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ झालेली असायची. बाबा प्लांटमधून रिटायर झाल्यावर प्लांटच्या वसाहतीतलं सेक्टर सहाचं क्वार्टर सोडून आम्ही शहराच्या कडेला कुरुदला घर बांधलं होतं. आजूबाजूचे अर्धे प्लॉट रिकामेच होते. सेक्टरमध्ये कोणी ना कोणी फाटकाशी उभं असायचं. इथे बाबा पुढच्या खोलीत, मी मागच्या. जेवताना काय बोलू तेवढंच.

गोठलेल्या तळ्याला भोक पाडायचं, आखूड काठीने दोरा खाली सोडायचा आणि वाट बघत बसायचं, बर्फावरच्या मासेमारीबद्दल मला एवढंच ठाऊक होतं. उत्तरं ठरलेली असत, ती निवडून पाठवायची.

एका म्हाताऱ्या गृहस्थाने विचारलं, बर्फावर काठीच्या दोऱ्यासाठी इनलाइन रीळ घेण्यात अर्थ आहे का? साध्या रिळाने त्याचं आमिष पाण्यात गरगरत राही आणि मासा जवळ येऊन परत जाई. मी ठरलेलं उत्तर पाठवलं, की आमचं इनलाइन रीळ उत्तम आहे. त्याने लिहिलं, "ते मी वाचलं. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

मला काय वाटतं हे बरेच दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. उद्या सांगते, असं मी लिहिलं.

रीळ म्हणजे माझ्यासाठी शिवणाच्या दोऱ्याचं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या मशीनच्या खणातून एक काढलं आणि दोऱ्याला कपाटाची किल्ली बांधली. साधं रीळ दोरा टोकावरून सोडतं, तसा सोडून पाहिला. वेढ्यावेढ्याला पीळ पडत गेला आणि किल्ली हवेत फिरत राहिली. मग रिळात पेन्सिल घालून ते चाकासारखं फिरू दिलं, इनलाइनमध्ये फिरतं तसं. किल्ली सरळ खाली आली आणि थांबली.

बाबा दारात उभे होते. "काय करून राहिली तू?"

मी सांगितलं. ते पलंगावर बसले, रीळ हातात घेतलं. दोऱ्यावरून त्यांचा अंगठा थोडा वेळ फिरत राहिला. मग पेन्सिल फिरवत त्यांनी किल्ली हळूहळू वर ओढली.

"गुंडाळाले लय टाइम लागते पण. पानी खोल असन तं?"

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. संध्याकाळी मी लिहिलं, की पाणी उथळ असेल आणि मासे लहान असतील तर इनलाइन जरूर घ्या, आमिष स्थिर राहील. खोल पाण्यातून मोठा मासा ओढायचा असेल तर जुनंच बरं, इनलाइनमध्ये दोरा वर यायला वेळ लागतो. त्याचं तळं उथळ होतं. त्याने रीळ घेतलं.

काही दिवसांनी तो चॅटवर पुन्हा आला. तक्रार नव्हती. आमिष आता हलत नाही, म्हणाला. दोन मासे लागले, त्यातला एक सोडून दिला, बायको गेल्यापासून दोन संपत नाहीत. मग विचारलं, तुमच्याकडे बर्फ किती आहे?

आपण कुठे बसलोय हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, असा नियम होता. तरी मी लिहिलं, "बर्फ नाही. मी भारतात आहे. घराजवळ एक तलाव आहे."

"मग तिथे जाऊन बसत जा," त्याने लिहिलं.

जेवताना मी बाबांना हे सगळं सांगितलं.

"एकलाच रायते का तो?"

"हो."

"पोरंबिरं?"

विचारलं नाही, म्हटलं. बाबांनी मान हलवली आणि ते भात कालवत राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र ताट घेता घेता त्यांनीच विचारलं, आला होता का तो. नव्हता आला. मग रोज विचारू लागले. तो परत आलाच नाही. आम्हाला त्याच्या तब्येतीची काळजी वाटू लागली, पण विचारणार कोणाला? समोरून कोणी लिहिल्याशिवाय चॅटची खिडकी उघडत नसे.

उन्हं तापायला लागली तेव्हा दुकानाने चॅट आपोआप उत्तरं देणाऱ्या कॉम्प्युटरकडे दिली आणि माझं काम संपलं. आता संध्याकाळी मी पुढच्या खोलीत येऊन बसते. मी आले की बाबा टीव्हीचा आवाज कमी करतात आणि माझ्याकडे बघतात. मी काहीतरी सांगेन असं त्यांना वाटतं. सांगण्यासारखं काही आहे का, ते मी आठवत बसते. थोड्या वेळाने ते आवाज परत वाढवतात.