देवबागचे हललेले दिवे

विजूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या होमस्टेच्या जेवणघरात पाहुणे जेवत होते. पुण्याहून मामी बोलत होती. दुपारी जरा पडतो म्हणाला, आणि उठलाच नाही... आईने फोन ठेवला, उरलेल्या वाट्यांमध्ये सोलकढी वाढली आणि मग भिंतीकडे तोंड करून बसली. त्या भिंतीवर मामाने काढलेले फोटो आहेत. पाहुण्यांना वाटलं, ती फोटो बघतेय. तसं बघितलं तर ती फोटोच बघत होती.

मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, वैमानिक होता. जन्म देवबागचा, खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या या वाळूच्या पट्टीवरचा. रात्रीच्या उड्डाणात, विमान उंचीवर स्थिरावलं आणि शेजारच्या सहवैमानिकाने ते सांभाळायला घेतलं, की मामा कॅमेरा काढायचा. आधी विमान, मग फोटो, हा त्याचा नियम. तिथे तिपाई लावता येत नाही, सगळं हातावर. कॉकपिटच्या काचेत समोरच्या यंत्रांचे दिवे उमटतात, म्हणून डोक्यावर, कॅमेऱ्यावर आणि काचेवर मिळून एक काळं कापड घ्यायचं. आईने ते जुन्या छत्र्या उसवून शिवलं होतं. लेन्स काचेजवळ न्यायची पण टेकवायची नाही, नाहीतर विमानाची थरथर फोटोत शिरते. कोपर बरगड्यांना घट्ट, श्वास सोडला की बटण. मला शिकवायचा तेव्हा ओट्यावर बसून समोरच्या माडाचे फोटो काढायला लावायचा. मी चार लोकांत बोलायला घाबरायची, कॅमेऱ्यामागे मात्र बरं वाटायचं. हे त्याने ओळखलं होतं, पण कधी बोलून दाखवलं नाही.

भिंतीवर दुबई होती, इस्तंबूल होतं, कोलकाता होतं. एकेक दिवा सुईच्या टोकाएवढा, स्वच्छ. पाहुणे कौतुक करायचे आणि शेवटी विचारायचे, यात तुमचं घर कुठलं? आई दर फोनवर मामाला टोचायची, "दादा, साऱ्या जगाचे फोटो इले. आमच्या घराचो खंय आसा?" तो आमच्या बाजूने कितीदा तरी गेला होता. कधी खाली ढग, कधी विमान त्याच्याच हातात. मग निवृत्ती आली. शेवटच्या आठवड्यात एकच उड्डाण या किनाऱ्याजवळून उत्तरेला जाणार होतं, आणि तो बसतो त्या डाव्या बाजूला किनारा असणार होता. ही एकच संधी.

बेत साधा होता. शेजारच्या इनासकाकांच्या बोटींच्या शेडमधला मोठा फोकस आमच्या अंगणात आभाळाकडे तोंड करून लावायचा. वाडीत बाकीचे दिवे नेहमीसारखे, म्हणजे आमचंच घर उठून दिसणार. पण गोष्ट इनासकाकांच्या कानावर गेली होती, म्हणजे साऱ्या देवबागच्या. संध्याकाळी ते छाती फुगवून आले. "मी घराघरात सांगान इलंय. आज एकव घर काळोखात रवाक नको!" हॉटेलवाल्यांनी फोकस लावले, वॉटर स्पोर्ट्सवाल्यांनी लावले, लग्नाच्या माळासुद्धा निघाल्या. शेवंतीमावशी नवी साडी नेसून, अबोलीचा वळेसर माळून आमच्या अंगणात हजर.

"माझो चेहरो दिसतलो मां गो?"

"मावशी, विमान खूप वर असतं."

"वर आसला म्हणान काय झाला? फोटोत येवचा आसा तर बरा दिसाक नको?"

आणि गोव्याच्या बाजूने विमानाचा दिवा आला. सगळे ओरडायला लागले, हात हलवायला लागले, पोरांनी ताटं बडवली. मी मात्र आजूबाजूला बघितलं. सगळं देवबाग इतकं उजळलं होतं की आमचं घर त्यात पार बुडालं होतं. त्याला सापडणारच नव्हतं. मामा एकदा म्हणाला होता, वरून स्थिर दिव्यांच्या गर्दीत बघितलं की डोळा लुकलुकणाऱ्यावर जातो... मी मागीलदारी धावले, सूप उचललं आणि फोकसवर धरून जमेल तेवढ्या जोरात हलवायला लागले. झाक, उघड, झाक, उघड. सगळ्यांसमोर! आई किंचाळली, "अगो, दिवो झाकतंस कित्याक?" हात भरून आले तरी मी थांबले नाही. विमानाचा दिवा माडांच्या शेंड्यांआड गेला तेव्हा शेवंतीमावशी म्हणाली, "ह्या चेडू असा नाचता, माका ठावक नव्हता."

चार दिवसांनी मामा लॅपटॉप घेऊन आला. चेहरा पडलेला. "सगळे हलले गो, बाय. हवेन घात केल्यान." खरंच, देवबागचा एकही दिवा टोकदार नव्हता. कॅमेरा हलला की प्रत्येक दिवा सारखीच रेघ ओढतो, तशी प्रत्येकाची वाकडी शेपटी झाली होती, अगदी टोपलीतल्या सुंगटांसारखी, म्हणजे कोळंबीसारखी. तो एकेक फोटो पुसत चालला. शेवटच्याला मी त्याचा हात धरला. "मामा, थांब. मोठा कर." शेकडो सुंगटांमध्ये एकच तुकड्यातुकड्यांचं होतं. तेच वळण, पण मध्येमध्ये तुटलेलं. माझं सूप! फोटो नीट आला असता तर आमचा दिवा इतरांसारखाच एक ठिपका झाला असता. मामा बघत राहिला आणि मग असा हसला की इनासकाका कुंपणावरून डोकावले. "बघ रे इनास! सगळ्यांची सुंगटां अख्खी, आमचाच तेवढा कापलेला!"

तो फोटो आईने भिंतीच्या मधोमध लावला. मामा नंतर आला की पाहुण्यांना बजावायचा, हा माझा हात हललेला नाही, ही हवा आहे हं.

गेल्या आठवड्यात त्या रात्रीचा सहवैमानिक भेटायला आला. तो त्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. आईने सांगितलं, त्या दिवशी हवा वाईट होती ना. तो गोंधळला. "हवा? नाही हो मावशी, हवा एकदम शांत होती. कापडाखाली सरांचेच हात थरथरत होते. मी घाबरून विचारलं, सर, बरं वाटतंय ना? तर म्हणाले, बोलू नको. घर येतंय."

पाहुणे अजून विचारतात, हा एवढाच फोटो हललेला का लावलाय? पूर्वी मी चहाचे कप ठेवून आत पळायची. आता थांबते. त्या तुटक्या सुंगटावर बोट ठेवते आणि सांगते, हे आमचं घर, इथे मी होते. आणि बाकी प्रत्येक दिव्यात हे जे वळण दिसतंय ना, तो माझा मामा.