चढावर निघालेली फियाट आणि सावंतकाकांची स्कूटर

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. जन्मभर शाळेत फिजिक्स शिकवलंय मी. पण ऐंशीच्या दशकात आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमध्ये जे झालं ना... ते सांगितलं की माझेच विद्यार्थी हसतात. हसू देत.

पप्पांनी सेकंडहँड फियाट घेतली, तिचा पहिला दसरा. आमचं आवार गेटपासून मागच्या विहिरीकडे चढत जायचं. गाडीचं तोंड चढाकडे, आणि तिच्यापुढे शेजारच्या सावंतकाकांची कोरी स्कूटर, हारबीर घालून. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितली होती त्या माणसाने! आईने फियाटला हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली. पप्पा चावी हातात घेऊन काकांच्या शेजारी उभे. आम्ही टाळ्या वाजवत आरती म्हणतोय — आणि गाडी निघाली! आत कोणी नाही, इंजिन बंद... लिंबं चिरडत सावकाश चढ चढली आणि तिने स्कूटर आडवी केली.

"मेल्या दामू, तू ब्रेक लावूक नाय!" काका पप्पांवर ओरडले.

लावला होता. मी स्वतः बघितला. पण त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. वीस पावलांवर राहणारा जिवलग मित्र तोंड फिरवून जायला लागला आणि पप्पांचं जेवणावरचं लक्षच उडालं. मला फार वाईट वाटायचं.

मग इन्शुरन्सच्या क्लेमसाठी कंपनीचा सर्व्हेअर आला, तेव्हा काकाही येऊन उभे राहिले. आईकडून एक लिंबू मागून त्याने जमिनीवर ठेवलं. ते घरंगळत गेटकडे गेलं.

"ब्रेक नसता तर गाडी गेटवर आदळली असती. वर गेली म्हणजे कोणीतरी चालवत होतं," तो पप्पांना म्हणाला. "लायसन्स आहे ना? मग मी चालवत होतो, चूक माझी, असं सांगा. यांच्या स्कूटरचं नुकसान कंपनी भरेल. ड्रायव्हरच नव्हता म्हणालात तर चूक कोणाची धरू? गाडीची?"

खोटं बोलायचं म्हटलं की पप्पांना घाम फुटायचा. त्यांनी चेपलेल्या स्कूटरकडे बघितलं... "हो. मीच चालवत होतो."

"खोटा कित्याक बोलतस रे?" काका उसळले. "सायबानू, ह्यो माझ्या बाजूक उभो होतो. चावी ह्याच्या हातात. मी माझ्या डोळ्यांनी बघलंय!"

"अहो, मग तुम्हाला काही मिळणार नाही."

"नाय तर नाय!"

सर्व्हेअरने कपाळाला हात लावला. आईने चहा आणला, तेव्हा आधी उठून त्याने फियाटपुढे लावलेली स्वतःची स्कूटर बाजूला नेली, मगच कप घेतला.

क्लेम अर्थातच नामंजूर झाला. गाडी चढ कशी चढली? खूप आकडेमोड केली, अजून उत्तर नाही. पप्पांना विचारलं की म्हणायचे, "गाडीचं जाऊ दे गं. स्वतःच्या स्कूटरवर पाणी सोडून तो माणूस माझ्या बाजूने बोलला... ते आधी समजावून सांग मला."