जिनिंगमधली झोपायची खोली

सुरेखा चटकन कुणावर विश्वास टाकणारी बाई नव्हे. ऊसतोडीचा मुकादम आला तरी त्याला दारातच उभं ठेवून बोलायची. योगीराजला मात्र तिनं घरात घेतलं, चहा दिला, आणि तिथंच फसली. माझी पिठाची गिरणी तिच्या घरासमोरच आहे, म्हणून सांगते.

योगीराज म्हणजे शिरूर कासारच्या जिनिंगवाल्यांचा नातू, पुण्यात आर्किटेक्ट झालेला. कापसातली सरकी काढायची त्यांची बंद पडलेली जिनिंग आमच्या गावाच्या कडेला होती. कापसाचं गोदाम, गंजलेली यंत्रं, तेल मुरून काळी पडलेली जमीन. तिथं त्याला शाळा बांधायची होती. विटा जुन्याच वापरायच्या, भिंती जाड ठेवायच्या म्हणजे वर्ग थंड राहतील, छतावरचं पाणी हौदात घ्यायचं, वीज उन्हावर करायची. ऐकायला छानच होतं.

शाळेत काय पाहिजे, असं विचारत तो घरोघर फिरला. सुरेखा म्हणाली, "पोरांना झोपायला खोली पायजे."

दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा सटवा ऊसतोडीला जातात, ते उन्हाळा लागल्यावर परततात. गावातल्या निम्म्या घरांना तेव्हा कुलपं असतात. पोरं बरोबर गेली की त्यांची शाळा बुडते. सुरेखाची वर्षाराणी पाचवीत होती, चांगली हुशार. तिला मागं ठेवायचं तर घरात म्हातारं माणूसही उरलं नव्हतं.

योगीराजनं गोदामाच्या जागी वसतिगृह आखलं. ओट्यावर नकाशा पसरून "ताई, बघा" म्हणायचा. पोरींना रात्री अंगणात जावं लागू नये, संडास खोलीला लागूनच पाहिजे, असं ती म्हणाली आणि त्यानं तिथल्या तिथं पेन्सिलीनं काढला. मग काय, बाईच्या अंगात वारंच भरलं. तोडीला जायच्या आदल्या दिवसापर्यंत ती बाया गोळा करून पडक्या भिंतींच्या विटा साफ करत होती, फुकट.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव आला, वसतिगृहाऐवजी सभागृह. वसतिगृहाला अधीक्षक लागतो, रोजचं जेवण लागतं, शाळेला पैसे देणारे देणगीदार नको म्हणाले. शाळा बघायला पाहुणे येतील, त्यांना बसायला जागा हवी. मी उठून विचारलं, ज्यांना खोली पाहिजे ती माणसं उसाच्या फडावर आहेत, ती येईपर्यंत थांबायला काय होतंय? ग्रामसेवक म्हणाला, सभेला हजेरी पुरेशी आहे. योगीराज खाली मान घालून बसला होता. त्याचा मला संताप आला.

आठवड्यानं मी सुरेखाला फोन केला, तर तिनं मलाच झिडकारलं. "योगीराजभाऊ असं करायचा न्हाई. म्या कालच इचारलं त्याला. खोलीचं काम चालू हाय म्हणला."

ती परतली तेव्हा सभागृहावर पत्रा चढला होता. योगीराज तिथंच होता.

"गावानं ठराव केला, ताई."

"गाव म्हंजे कोण? आमी तर फडावर होतो." तिनं वर पत्र्याकडं बघितलं. "आन् ठराव झाल्यावर मला फोनवर चालू हाय का म्हून म्हणलात?"

 ती तशीच घरी निघून आली.

उद्घाटन ठरलं दिवाळीनंतर, नेमकं ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्याच दिवशी. आदल्या संध्याकाळी योगीराज नवा गणवेश घेऊन तिच्या दारात आला. पाहुण्यांना गुच्छ द्यायला त्याला वर्षाराणी हवी होती. पोरगी हरखून गणवेश अंगाला लावून बघायला लागली.

"कार्यक्रम झाल्यावर ती कुठं झोपंल?" सुरेखानं विचारलं.

"पुढच्या टप्प्यात बघू ना, ताई."

"ताई म्हणू नका मला."

तिनं पोरीच्या हातातून गणवेश घेतला, घडी घातली आणि त्याला परत दिला. "बसा" मात्र म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृह पाहुण्यांनी भरलं. शाळेत वर्षाराणीचं नाव अजून सहावीत आहे. ती फडात आईबापानं तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधते.