पाठवणं आणि पाठवलं जाणं

मॅट्रिकला मी इंग्रजीत आणि गणितात दोनदा नापास झाले होते. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा विषमज्वरानं गेला आणि मी नाचणगावला भावाकडे परत आले. त्यानंच मला पुन्हा अभ्यासाला बसवलं. तिसऱ्या खेपेला मात्र म्हणाला, "पास झाली तर मास्तरीण होजो. नाई तर समुद्रपूरले, सासरी."

सासरी थोरले दीर हात उगारायचे. तिकडचा विचार आला की माझ्या तोंडचं पाणी पळायचं.

शेजारच्या गुरुजींकडे मी इंग्रजी शिकायला जायची. 'टू सेंड' म्हणजे पाठवणं, 'टू बी सेंट' म्हणजे पाठवलं जाणं. महिनाभर डोकं आपटूनही मला ते उमजेना.

"गुरुजी, हे 'बी' मधात काऊन येते?"

"पाठवणारा दुसरा असते म्हणून. ज्याले पाठवतात, त्याच्या बाजूनं पाह्य."

मी पाहायची, आणि पुन्हा चुकायची. एकदा तर वही चुलीत घालायला निघाले. वहिनीनं ती हिसकावून घेतली.

परीक्षा महिन्यावर आली असताना दीर आले. मी आत भाकरी थापत होते.

"परीक्षेची वाट काऊन पाहता? घरी कामाले माणूस नाई. होळीआधी पाठवून द्या," दीर म्हणाले.

भाऊ म्हणाला, "पाठवतो."

मला कोणी विचारलं नाही. परातीत हात तसेच राहिले आणि मनात वाक्य उमटलं : शी इज टू बी सेंट. पहिल्यांदाच बरोबर आलं होतं. मला रडू फुटलं.

मी पिठाच्या हातांनीच गुरुजींकडे धावले आणि ते वाक्य म्हणून दाखवलं.

"आलं की तुले!" ते हसले. मग माझ्याकडे पाहून थांबले.

"मले नाई जायचं, गुरुजी."

टोपी घालून ते आमच्या घरी आले आणि दिरांसमोरच भावाला म्हणाले, "परीक्षा होऊ दे. तवर पोरगी माझ्या घरी राहीन." भावानं मान खाली घातली. दीर चहा न घेता उठले.

इंग्रजीत मी सुटले. गणितात गेले.

मग मला पाठवलंच. समुद्रपूरला तीन वर्षं काढली. शेवटच्या वर्षी चोरून गणिताचा फॉर्म भरला, भाऊ आजारी असल्याचं सांगून वर्ध्याला पेपर दिला. ते कळल्यावर दिरांनी माझी पुस्तकं बंबात घातली. पास झाल्याचा कागद मात्र गुरुजींच्या पत्त्यावर आला होता.